मेटकाफ ह्यांच्या दोन शर्यती

गेल्या हिवाळ्यात बागली तालुक्यातील एका शाळेच्या पटांगणावर मुलांच्या शर्यती झाल्या, आणि निकाल देण्याचे काम आमच्याकडे आले. शंभर मीटरच्या धावण्यात दोन मुले खांद्याला खांदा लावून फितीशी पोहोचली. आम्ही क्षणभर गोंधळलो आणि मग डावीकडच्या मुलास पहिला ठरवून मोकळे झालो. उजवीकडचा मुलगा काहीच बोलला नाही. परंतु घाटाखालच्या गावातून पहाटे निघून नातवाचे धावणे पाहण्यास आलेले त्याचे आजोबा काठी टेकीत आमच्यापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "फादर, तुम्ही नीट पाहिलंत ना?"

"होय बाबा, पाहिलं," असे आम्ही उत्तर दिले. परंतु ते उत्तर आमचे आम्हांसच पटले नव्हते. त्या रात्री प्रार्थनेच्या वेळीही तो प्रश्न मनातून जाईना. आणि मग आम्हांस राल्फ मेटकाफ ह्यांची आठवण झाली. हाच प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार मोठ्या मैदानावर, साऱ्या जगासमोर उभा राहिला होता. पुढे तोच प्रश्न निराळ्या रूपाने, त्यांच्या उतारवयात, पुन्हा उभा राहिला. ह्या दोन प्रसंगी ते जसे वागले, त्यात आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या देशात वेगवान धावपटू झाले नाहीत असे मुळीच नाही. मुंबईच्या लेव्ही पिंटो ह्यांनी १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई खेळांत १०० मीटर आणि २०० मीटर ह्या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. केरळच्या पी. टी. उषा ह्यांचे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील पदक सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागाने हुकले. त्यांची २०२२ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली. परंतु जगातील सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून ज्यांचा बोलबाला झाला, आणि पुढे गल्लीबोळांतील मतदारांच्या दारांशी जाऊन ज्यांनी निवडणुकांमागून निवडणुका जिंकल्या, अशी माणसे विरळा. मेटकाफ त्यांपैकी एक होते, आणि ते आपल्यासारखेच कॅथलिक होते.

राल्फ हॅरोल्ड मेटकाफ ह्यांचा जन्म मे १९१० मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा ह्या शहरी झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळी कृष्णवर्णी लोकांची स्थिती कशी होती, हे आपल्या देशातील लोकांस फार समजावून सांगावे लागू नये. शाळा वेगळ्या, पाणी पिण्याच्या जागा वेगळ्या, गाडीत बसण्याची जागा वेगळी. पोटासाठी आणि थोड्याफार मानासाठी लक्षावधी कृष्णवर्णी कुटुंबे त्या वर्षांत दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघाली. आपल्या तालुक्यातील कुटुंबे पाऊस दगा देतो तेव्हा बिऱ्हाड डोक्यावर घेऊन इंदूरच्या किंवा गुजरातच्या वाटेस लागतात, तशीच ती निघाली होती. मेटकाफ कुटुंबही त्या लोंढ्याबरोबर शिकागो शहरी आले. वडील गुरांच्या बाजारात व कत्तलखान्यात मजुरी करीत. आई लोकांचे कपडे शिवून देई. शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णी वस्तीत राल्फ वाढला.

शाळेत असतानाच त्याच्या पायांतील वेग शिक्षकांच्या ध्यानी आला. त्याच्या शिक्षकाने त्यास एक गोष्ट आरंभीच बजावून सांगितली होती. तू काळा आहेस. बरोबरीने पोहोचशील तर पंच तुला पहिला ठरविणार नाहीत. तेव्हा तुझ्यामध्ये आणि दुसऱ्यामध्ये मोकळे अंतर दिसले पाहिजे. कोवळ्या मुलास असे सांगावे लागणे केवढे कठोर! परंतु ते खोटे नव्हते, हे पुढे दिसून आले.

१९३० साली शाळा संपवून राल्फ मिलवॉकी शहरातील मार्केट विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ येशूसंघीय फादरांचे. तेथे त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, आणि तेथेच १९३२ साली त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्या निर्णयामागे त्याच्या अंतःकरणात काय चालले होते ह्याविषयी आम्ही तर्क करीत बसणार नाही. ते परमेश्वर आणि त्याचा भक्त ह्यांच्यातील बोलणे आहे. एवढे मात्र दिसते की, बावीस वर्षांच्या वयात घेतलेली ही श्रद्धा त्याने अखेरपर्यंत जपली. मैदानावरही ती वर्षे त्याच्या भरभराटीची होती. १९३२, १९३३ आणि १९३४ अशी ओळीने तीन वर्षे अमेरिकेतील विद्यापीठांच्या स्पर्धांत छोट्या अंतराच्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या, आणि १०० मीटरच्या जागतिक विक्रमाची बरोबरी त्याने एकाहून अधिक वेळा केली.

१९३२ सालचे ऑलिंपिक अमेरिकेतच, लॉस एंजेलिस येथे भरले. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत राल्फ मेटकाफ आणि एडी टोलन असे दोघे कृष्णवर्णी अमेरिकन धावपटू एकाच वेळी फितीशी आले. हातातील घड्याळांनी दोघांचीही वेळ १०.३ सेकंद अशी दाखविली. प्रेक्षकांस काही कळेना. पंचांसही निश्चित सांगता येईना. तेव्हा शर्यतीचे चित्रण पुन्हापुन्हा पाहण्यात आले. त्या काळच्या नियमाप्रमाणे ज्याचे संपूर्ण धड रेषेपलीकडे आधी जाईल तो विजयी. ते टोलनचे गेले असा निर्णय झाला. सुवर्णपदक टोलनला, रौप्यपदक मेटकाफला. ती शर्यत बरोबरीत सुटली, ही मेटकाफ ह्यांची भावना जन्मभर कायम राहिली.

त्यानंतर २०० मीटरची शर्यत झाली. तीत मेटकाफ तिसरा आला. तिन्ही पदके अमेरिकेच्याच धावपटूंस मिळाली होती. नंतर ध्यानात आले की, मेटकाफ ज्या पट्टीतून धावला, तिची आखणीच चुकली होती. तो इतरांहून मीटर-दीड मीटर मागून सुटला होता! वाचकहो, सेकंदाच्या दहाव्या भागाने जेथे हार-जीत ठरते, तेथे मीटर-दीड मीटर म्हणजे काय ह्याचा विचार करावा. शर्यत पुन्हा घेण्याची तयारी दाखविण्यात आली. मेटकाफने नकार दिला. पुन्हा धावल्याने आपल्या सोबत्यांपैकी कोणाचे पदक जाऊ नये, देशाने मिळविलेली तीन पदके धोक्यात येऊ नयेत, असे त्याला वाटले. झालेला अन्याय त्याने मुकाट्याने पोटात घातला.

चार वर्षांनी, १९३६ साली, ऑलिंपिक जर्मनीत बर्लिन शहरी भरले. तेथे हिटलरची सत्ता होती, आणि गोऱ्या आर्य वंशाच्या श्रेष्ठपणाचा डंका वाजत होता. त्या मैदानावर १०० मीटरची शर्यत जेसी ओवेन्सने १०.३ सेकंदांत जिंकली, आणि मेटकाफ १०.४ सेकंदांत दुसरा आला. दोघेही काळे होते. हिटलरच्या डोळ्यांदेखत ते दोघे सर्वांच्या पुढे धावले. पुढे चार जणांच्या १०० मीटर रिले शर्यतीत ओवेन्स, मेटकाफ, ड्रेपर आणि वायकॉफ ह्यांनी ३९.८ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. तो विक्रम वीस वर्षे टिकला.

ह्या पदकावर मात्र एक छाया आहे, आणि ती लपविणे आम्हांस उचित वाटत नाही. रिलेच्या संघात मुळात मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर असे दोन यहुदी धावपटू होते. अमेरिकन संघाच्या चालकांनी शर्यतीच्या तोंडावर त्यांस वगळले आणि त्यांच्या जागी ओवेन्स व मेटकाफ ह्यांस घातले. मेटकाफचे एकमेव सुवर्णपदक अशा रीतीने हाती आले. निर्णय त्याचा नव्हता, दोषही त्याचा नव्हता. तरी दुसऱ्याच्या हक्काची जागा आपल्यास मिळणे म्हणजे काय असते, हे त्याने त्या दिवशी पाहिले.

धावणे थांबल्यावर मेटकाफ शिक्षक झाले. न्यू ऑर्लिन्स शहरातील झेविअर विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकविले आणि धावपटू तयार केले. कृष्णवर्णी तरुणांच्या शिक्षणासाठी हे कॅथलिक विद्यापीठ संत कॅथरीन ड्रेक्सेल ह्यांनी उभारले. श्रीमंत घरातील ही स्त्री सर्व संपत्ती देऊन धर्मभगिनी झाली, आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला २००० साली संतपद दिले. दुसऱ्या महायुद्धात मेटकाफ सैन्यात अधिकारी होते, आणि सैनिकांच्या शारीरिक शिक्षणाची योजना आखल्याबद्दल त्यांस सन्मानचिन्ह मिळाले. युद्ध संपताच ते शिकागोस परतले. १९४९ साली ते इलिनॉय राज्याचे क्रीडा-आयुक्त झाले. त्या जागेवर येणारे ते पहिले कृष्णवर्णी होत.

येथून त्यांच्या राजकारणास आरंभ होतो. शिकागोचे राजकारण कसे चाले, हे थोडे सांगितले पाहिजे. १९५५ पासून रिचर्ड डेली हे तेथील महापौर होते, आणि मरेपर्यंत, म्हणजे १९७६ च्या अखेरपर्यंत, ते त्या पदावर राहिले. शहरातील प्रत्येक वॉर्डात पक्षाचा एक म्होरक्या असे. कोणास सरकारी नोकरी हवी, कोणाच्या गल्लीतील दिवा लागत नाही, कोणाचा मुलगा कोठडीत अडकला आहे, अशा प्रत्येक कामासाठी लोक त्याच्याकडे जात. तो काम करून देई, आणि निवडणुकीच्या दिवशी त्याची परतफेड मतांनी होई. वाचकांस हे चित्र अगदीच परके वाटणार नाही. मेटकाफ हे शिकागोच्या तिसऱ्या वॉर्डाचे असेच म्होरके झाले, आणि १९५५ साली तेथून नगरसेवक म्हणून निवडून आले. ओळखीचा विजेता, शिकलेला, देखणा, मृदुभाषी. लोकांचा त्यांच्यावर लोभ होता, आणि महापौरांचा विश्वास.

परंतु त्या विश्वासाची किंमत होती. नगरसभेत कृष्णवर्णी नगरसेवक होते. कृष्णवर्णी वस्तीतील मोडकी घरे, गर्दीने फुटणाऱ्या शाळा, पोलिसांची दांडगाई ह्या गोष्टी त्यांस दिसत होत्या. तरी महापौरांच्या विरुद्ध हात वर करण्याचे धैर्य बहुतेकांना होत नव्हते. लोक त्यांस उपहासाने मुके नगरसेवक म्हणू लागले, आणि त्या मुक्यांत मेटकाफ ह्यांचीही गणना होई. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोस येऊन गरिबांच्या घरांसाठी चळवळ करू लागले, तेव्हाही मेटकाफ त्यांच्या बाजूस गेले नाहीत. आमचे पुढारी आम्हांस पुरे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. ते महापौरांच्या बाजूस उभे राहिले. आम्ही त्यांचे चरित्र कौतुकाने लिहीत आहोत, तथापि ही गोष्ट गाळून लिहिले तर ते चरित्र होणार नाही.

१९७० साली मेटकाफ अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेवर, म्हणजे आपल्याकडील लोकसभेसारख्या सभेवर, निवडून आले. तेथे १९७१ साली तेरा कृष्णवर्णी सभासदांनी आपला एक गट स्थापन केला, त्याच्या संस्थापकांत ते होते. वय साठीस आले होते. मान, पद, पेन्शन सारे काही हाताशी होते. मुकाट्याने राहिले असते तर कोणी त्यांस त्रास दिला नसता.

१९७२ सालच्या वसंतात मात्र एक गोष्ट घडली. त्यांच्या भागातील दोन प्रतिष्ठित कृष्णवर्णी दंतवैद्यांस पोलिसांनी निरनिराळ्या प्रसंगी रस्त्यात अडविले. एकास, काही अपराध नसता, अपमानकारक वागणूक मिळाली. दुसऱ्यास मोटार चालवीत असताना मेंदूचा झटका आला होता. पोलिसांनी तो दारू प्यालेला आहे असे समजून त्यास कोठडीत टाकले. उपचार वेळेवर झाले नाहीत, आणि पुढे तो मरण पावला. ज्यांच्यापाशी पैसा आणि शिक्षण आहे त्यांची ही गत, तर मजुराची काय? मेटकाफ ह्यांनी महापौर डेली ह्यांस निरोप धाडला की, आपण माझ्या भागात, माझ्या कचेरीत यावे आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकावी. महापौर आले नाहीत.

त्या दिवशी मेटकाफ ह्यांनी सतरा वर्षांची सोबत तोडली. पोलिसांच्या अत्याचारांविरुद्ध त्यांनी नागरिकांची समिती उभी केली. माणसे पुढे आली आणि आपल्यावर बेतलेले प्रसंग त्यांनी चारचौघांत सांगितले. १९७३ साली त्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आणि १९७४ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यासाठी शिकागोत वेगळे कार्यालय निघाले. इतकी वर्षे गप्प का होतात, असे विचारणारे पुष्कळ होते. कृष्णवर्णी लोकांच्या बाजूने उभे राहण्यास कधीच उशीर झालेला नसतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी त्यांस दिले.

महापौरांनी सूड घेण्यास विलंब केला नाही. मेटकाफ ह्यांच्या शब्दावर नोकऱ्या मिळत होत्या, त्या बंद झाल्या. १९७६ साली पक्षाने त्यांच्या विरुद्ध दुसरा उमेदवार उभा केला आणि सारी यंत्रणा त्याच्या पाठीशी लावली. परंतु ज्या गल्लीबोळांत नोकरी आणि दिवा ह्यांच्या बदल्यात मत दिले जाई, त्याच गल्लीबोळांतील माणसांनी ह्या वेळी रिकाम्या हाताच्या मेटकाफ ह्यांस प्रचंड बहुमताने निवडून दिले. त्यांच्याच वॉर्डात राजकारणाचे धडे घेतलेले हॅरोल्ड वॉशिंग्टन हे पुढे १९८३ साली शिकागोचे पहिले कृष्णवर्णी महापौर झाले. ते पाहण्यास मेटकाफ हयात नव्हते. पाचव्यांदा निवडणुकीस उभे असताना, १० ऑक्टोबर १९७८ रोजी, हृदयविकाराने शिकागोत त्यांचा अंत झाला. शहराजवळील होली सेपल्कर ह्या कॅथलिक दफनभूमीत ते विसावले आहेत.

वाचकहो, आता त्या दोन प्रसंगांकडे पुन्हा पाहू. १९३२ साली अन्याय स्वतःवर झाला होता. तो त्यांनी सोडून दिला. १९७२ साली अन्याय शेजाऱ्यावर झाला. तो त्यांनी सोडून दिला नाही. आपण सामान्य माणसे बहुधा ह्याच्या उलट वागतो. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी वीस वर्षे बोलत नाही. आणि शेजारच्या विधवेचे धान्य कोणी मापात मारले तर, आपल्यास काय त्याचे, असे म्हणून दार लावून घेतो. आपले सोडावे आणि दुसऱ्याचे धरावे, हाच प्रभू येशूने दाखविलेला मार्ग होय. मेटकाफ ह्यांस त्याचा दुसरा अर्धा भाग कळण्यास फार वेळ लागला, ही गोष्ट आम्हांस निराश करीत नाही. उलट धीर देते. कारण आपल्यांपैकी पुष्कळांचा उशीर आधीच होऊन गेला आहे.

आणि बोलण्याची किंमत काय असते, हे बागली तालुक्याने शिकागोकडून शिकावे असे नाही. ह्याच तालुक्यातील उदयनगरास केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया ह्यांनी गरीब आदिवासी शेतकऱ्यांस सावकाराच्या फासातून सोडविण्याचे काम हाती घेतले. बँकेचे कर्ज कसे मिळते, सरकारी योजनेचा हक्क कसा मागावा, हे त्यांनी लोकांस शिकविले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, नाचनबोर येथे त्यांचा सुऱ्याने वध झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे पवित्र सभेने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. मेटकाफ ह्यांचे पद पणास लागले होते; सिस्टरांचे प्राण गेले. आपल्याकडून बहुधा ह्यांतील काहीच मागितले जाणार नाही. एखाद्या कागदावर सही, चारचौघांत खरे बोलणे, फार तर थोडा वाईटपणा, एवढेच मागितले जाईल.

शर्यतीनंतरच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते आजोबा आम्हांस देवळाच्या पायरीशी भेटले. आम्ही त्यांस खरे ते सांगितले. "बाबा, त्या दिवशी आम्हांला नीट दिसलं नव्हतं. दोघेही बरोबरच आले असतील. तुमच्या नातवाची आम्ही क्षमा मागतो."

म्हातारा हसला. "पोरगं तर घरी पोहोचेस्तोवर विसरलं, फादर. पण एक विचारू? आमच्या गावच्या रेशनच्या दुकानात माप कमी देतात, हे आम्ही तुम्हांला दोन दिवाळ्यांपूर्वी सांगितलं होतं. ते तरी तुम्हांला नीट दिसलंय ना?"

ते आम्हांस दिसले होते. दुकानदार ओळखीचा, शाळेच्या कार्यक्रमांस मदत करणारा. म्हणून आम्ही आज बोलू, उद्या बोलू असे करीत राहिलो होतो. मुक्या नगरसेवकांस नावे ठेवणे सोपे, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. त्याच आठवड्यात आम्ही घाटाखाली उतरलो. आजोबांच्या ओसरीवर बसून तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. सव्वीस घरांनी त्यावर सह्या केल्या, काहींनी अंगठे उठविले. आणि सर्वांच्या खाली, दोन वर्षे उशिराने का होईना, आम्ही आमचे नाव लिहिले.